तिन्ही 'स्फटिक' म्हणून दिलेत, ओळखायचे कसे?

कोथरूडची_टेकडी:
वाघोलीकडच्या खाणीतले म्हणून तीन पारदर्शक तुकडे घेतलेत. विकणाऱ्याच्या मते तिन्ही स्फटिक. पहिला सहा बाजूंचा, टोकदार. दुसरा तिरक्या पेटीसारखा. तिसरा चौकोनी खांबासारखा, वरून सपाट. एकाचा खडा पाडून अंगठीत बसवायचाय. तुकडे न बिघडवता घरी खात्री करता येईल का?

काळवत्री:
वर्णनावरून पहिला क्वार्ट्झ, म्हणजे खरा स्फटिक. दुसरा कॅल्साइट आणि तिसरा अपोफिलाइट, ही वेगळी खनिजं. आपल्याकडच्या बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या कातळाच्या, पोकळ्यांत तिन्ही सापडतात.
दुसरा तुकडा छापील मजकुरावर ठेवा. अक्षरं दुहेरी दिसली तर विषय संपला. तिसऱ्याचं सपाट टोक दिव्याखाली तिरपं धरा, तिथे मोत्यासारखी झाक येईल. बाजू मात्र काचेसारख्या चकाकतील आणि त्यांवर उभ्या बारीक रेघा असतील. क्वार्ट्झच्या बाजूंवर रेघा आडव्या असतात.

गारगोटी७:
घासून बघणार असाल तर टोक वापरू नका, मागची तुटकी कड काचेवर ओढा. कठिनतेत जास्त आकड्याचा पदार्थ कमी आकड्याच्यावर ओरखडा काढतो: क्वार्ट्झची 7, काचेची साधारण 5.5, अपोफिलाइटची 4.5 ते 5, कॅल्साइटची 3. रेघ दिसली की ओल्या बोटानं पुसा. पुसली गेली तर तो ओरखडा नव्हे, दगडाचीच भुकटी. लोक इथेच फसतात.

त्यापेक्षा वजन करा. 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा हवा. आधी कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि दगड दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवून लटकता धरा. तळाला किंवा कडेला टेकला की आकडा वाढतो. पहिलं वजन भागिले हा आकडा म्हणजे विशिष्ट गुरुत्व, दगड तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या किती पट जड ते. पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाका, बुडबुडे चिकटत नाहीत.

कोथरूडची_टेकडी:
पहिला 53.0 भागिले 20.0. दुसरा 40.6 भागिले 15.0. तिसरा 24.0 भागिले 10.2.

गारगोटी७:
म्हणजे 2.65, 2.71 आणि 2.35. क्वार्ट्झ, कॅल्साइट, अपोफिलाइट. पण पहिल्या दोघांतला फरक इतका कमी आहे की छोट्या खड्यावर ही रीत चालत नाही. 3.0 ग्रॅमच्या क्वार्ट्झला काटा 1.1 दाखवेल, भागाकार 2.73 येईल आणि तुम्ही त्याला कॅल्साइट म्हणाल.

काळवत्री:
अंगठीला पहिलाच. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, बाकीचे दोन नुसत्या पुसण्यानंही निस्तेज होतील. शिवाय अपोफिलाइट सपाट टोकाला समांतर सहज चिरतो आणि त्याच्या रचनेत पाणी असतं, सोनाराची फुंकणी लागली तर पांढरा पडेल. तो आहे तसाच, बुडाच्या दगडासकट कपाटात ठेवा.