यंदा कपाट बदलून वाचायचं – तुमचे अनुभव लिहा

कडीपत्ता
गाद्या उन्हात टाकायला दिवाण उघडला तर तळाशी २००९ सालची वही निघाली. त्या वर्षी वाचलेल्या पुस्तकांची यादी, तारखांसकट. शेवटी लाल पेनाने "एकूण ४१" आणि खाली दोन रेघा. काय अभिमान वाटला होता तेव्हा! काल तिथेच फरशीवर बसून परत मोजलं. ४१ पैकी ३६ पुरुषांची. उरलेल्या पाचात एक 'रुचिरा' (हो, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं होतं, हसू नका). अनुवाद दोनच, दोन्ही इंग्रजीवरून. आणि जवळपास प्रत्येक कादंबरीत अंगणात पारिजातक आणि झोपाळ्यावर एक रिटायर झालेले अण्णा.

तेव्हा आमच्या वाचनालयात काउंटरवर एक काका असायचे. एकदा पुस्तक बदलताना म्हणाले, "मॅडम, दोन वर्षं बघतोय, तुम्ही त्याच कपाटापुढे उभ्या राहता. मागे पण कपाटं आहेत." मला असा राग आला होता की दोन आठवडे तिकडे फिरकलेच नाही. तो राग काल उतरला. फार उशिरा, पण उतरला.

तर यंदा आकडा नाही धरणार. कपाट बदलणार. तुमच्यापैकी कोणी असं ठरवून वाचलंय का? काय ठरवलं, कुठे फसलं? सल्ले नकोत, अनुभव हवेत. (सल्ले येणारच, माहितीये.)

पावणेबारा
रुचिरा धरलंस ४१ मध्ये? मग माझं काहीच चुकलं नाही.
२०१९ ला ऑफिसात ५२ ची पैज लागली होती. १५ डिसेंबरला मी ३४ वर. मग काय, एकांकिका, पोराची चित्रांची पुस्तकं, आणि शेवटी मिक्सरचं माहितीपत्रक. ते चार भाषांत होतं, म्हणजे विविधता पण झाली. ५२ भरली. पार्टी मलाच द्यावी लागली, जिंकेल तो देणार असं ठरलं होतं आणि मी नीट ऐकलं नव्हतं.

स्वातीचा थेंब
मिक्सर!!! 😂 कुठला आहे? आमचा परवाच जळला

पावणेबारा
ताई माहितीपत्रक वाचा आधी. शेवट दुःखद आहे.

बांधावरचा
पटलं नाही. पुस्तकाला लेखकाचं लिंग, जात, प्रांत कशाला लावायचा? चांगलं ते चांगलं. मी हातात येईल ते वाचतो.

कडीपत्ता
बांधावरचे दादा, मीही हेच म्हणायचे. हातात येईल ते वाचते. वही बघितल्यावर कळलं की हातात काय येतं ते आधीच ठरलेलं असतं. पेपरात परीक्षण कशाचं आलं, मैत्रिणीने काय दिलं, दुकानात पुढे काय मांडलंय.

दुपारची झोप
मी ठरवलं होतं २०२२ मध्ये, दर महिन्याला एक दुसऱ्या भारतीय भाषेतलं. कुकर झाला, येते.

लिंबोणी
माझा अनुभव. आमच्या आजीची शाळा चौथीपर्यंत. पण शरदबाबू सगळे वाचलेले. मामा वरेरकरांनी मराठीत आणले ना ते. आजीला शेवटपर्यंत वाटायचं शरदबाबू इकडचेच, रत्नागिरीकडचे वगैरे. मी एकदा सांगितलं की अगं ते बंगाली होते. तर म्हणाली, "असतील. नोकरीला गेले असतील तिकडे."
आता मला वाटतं आजी आपल्यापेक्षा जास्त विविध वाचत होती. तिला ते विविध आहे हे माहीत नव्हतं एवढंच.

पावणेबारा
नोकरीला गेले असतील 😂😂 आजींना दंडवत

निळी शाई
दोनदा वाचलं सगळं, लिहू का नको करत होतो.
तुम्ही ज्याला मागचं कपाट म्हणताय ते आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत होतं. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. दर ६ डिसेंबरला दादरला जायचे, येताना पिशवीत पुस्तकं. बलुतं, उपरा, आठवणींचे पक्षी. ही पुस्तकं "वेगळी" आहेत हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. माझ्यासाठी वेगळं म्हणजे शाळेच्या पुस्तकातले धडे. एका धड्यात आजी सोवळ्यात स्वयंपाक करत होती. मला वाटलं सोवळं हा रंग असेल. परीक्षेत "आजीचे वर्णन करा" आलं तर मी लिहिलं, आजी सोवळ्या रंगाचं लुगडं नेसायची. सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. सगळे हसले, मी पण हसलो, का हसायचं ते न कळता. घरी येऊन वडिलांना विचारलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपण शिवलो की बदलावं लागतं ते लुगडं."
असो. सांगायचं हे की बीएला असताना मी पण ठरवून वाचलं, उलट्या बाजूने. वर्षभर फक्त पेठेतल्या कादंबऱ्या. आपोष्णी, चित्राहुती, सोडमुंज.. वहीत शब्द लिहून मित्राला विचारायचो. तो पण गोंधळायचा, आईला फोन करायचा. काही पुस्तकं खरंच आवडली. झोपाळ्यावरचे अण्णा मलाही आवडतात.
सहानुभूती नको. चहा पाजा कोणीतरी.

कडीपत्ता
निळी शाई दादा, चहा नक्की. आणि "वेगळं" हा शब्द मी माझ्यापुरता खोडते. मी न वाचलेलं, असं म्हणते.

स्वातीचा थेंब
सोवळ्याचं वाचून पोटात कसंतरी झालं. काय लिहावं सुचेना. म्हणून उगाच हजेरी.

निळी शाई
अहो नाही तसं काही. आता आम्ही घरात कोणी पसारा केला की "सोवळ्या रंगाचा पसारा" म्हणतो. बायको सध्या बेबीताई कांबळेंचं जिणं आमुचं तिसऱ्यांदा वाचतीये. तिचं म्हणणं, तुमच्या पुरुषांच्या आत्मकथनांत आई असते, बाई नसते. वादात मी हरलो. पेटीतली पुस्तकं परत काढून बघितली त्या नजरेने. हरलोच.

बांधावरचा
हं.
(मत मागे घेत नाही. पण ही शेवटची दोन वाक्यं डोक्यात राहतील.)

घाटावरून
गोव्यात दीड वर्ष होतो कामाला, डिचोलीत. पाऊस, नेट नाही, करायचं काय. ठरवलं की कोंकणी वाचायचं, देवनागरीच तर आहे. मावजोंचं कार्मेलीन घेतलं, १९८३ चा साहित्य अकादमी मिळालेलं. पहिली २० पानं सायकल शिकल्यासारखी गेली. अक्षर ओळखीचं, शब्द हातातून निसटतात. हांव, कितें, खंय एवढं येत होतं. भुरगें म्हणजे मूल हे घरमालकीणबाईंना विचारावं लागलं. त्या एवढ्या हसल्या, आणि मग रोज संध्याकाळी मी ओटीवर मोठ्याने वाचायचं आणि त्यांनी उच्चार सुधारायचे असा क्लासच सुरू झाला. गोष्ट कुवेतला घरकामाला गेलेल्या बाईची. बाईंची सख्खी बहीण तिकडेच होती. एका पानावर त्या उठून आत गेल्या. नंतर दोन दिवस वाचन बंद. मी कारण विचारलं नाही.
त्या वर्षी ते एकच पुस्तक पूर्ण झालं. यादीत एक आकडा.

तारकर्लीचो
हांव कितें तुमका कठीण? आमका सगळा समाजता 😎 पण खरा सांगू, मी पण कधी कोंकणी पुस्तक वाचूक नाय. लाज वाटली तुमचा वाचून.

घाटावरून
या या. पहिल्या २० पानांनंतर उतार आहे.

दुपारची झोप
आले. तर २०२२. जानेवारीत भैरप्पा, फेब्रुवारीत भैरप्पा, मार्चमध्ये पण भैरप्पा 🙈 उमा कुलकर्णींचे अनुवाद एवढे सहज आहेत की दुसरीकडे जावंसंच वाटत नाही. म्हणजे काय झालं, मराठीतलं एक कपाट सोडलं आणि कन्नडमधल्या एकाच खुर्चीवर बसले. एप्रिलमध्ये नणंदेचं लग्न, पुढे सगळं बारगळलं.
२०२५ मध्ये बानू मुश्ताक यांच्या कथांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळाल्यावर इंग्रजीतून वाचल्या, दीपा भास्ती यांनी केलेल्या. हासनची बाई, शेजारच्या राज्यातली. आणि मला कळली लंडनमार्गे.

नंदुरबारकर
लंडनमार्गे लांबच झालं, आमच्याकडे या. मी शिक्षिका आहे, पाचवीला. मुलं घरी भिली बोलतात, शाळेत गप्प बसतात. मी स्वतः नगरची, मला भिली येत नव्हती. वाहरू सोनवणे यांचा गोधड कुणीतरी दिला, भिली कवितांचा. वर्गात एक वाचायचा प्रयत्न केला. मागच्या बाकावरची मुलगी, जिचा आवाज मी तीन महिन्यांत ऐकला नव्हता, उभी राहिली आणि म्हणाली "मॅडम, चुकताय". पुढे येऊन तिने पूर्ण वाचली. बाकीची पोरं खदाखदा हसत होती, पण तिला नाही, मला. माझ्या उच्चारांना. आता दर शनिवारी ती शिकवते आणि मी उभी.
केंद्रप्रमुख आले होते एकदा शनिवारी, त्यांना काय चाललंय कळेना. 😀 बाकी नंतर, पोषण आहाराच्या नोंदी राहिल्यात.

लिंबोणी
नंदुरबारकर ताई, किती छान. लिहीत राहा हो.

वाळवंटी
दुबईतून. इथे कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ग्रंथ तुमच्या दारी योजनेतली पेटी आमच्या ग्रुपला मिळते. पेटीत जे असेल ते. आवडनिवड नाही. सुरुवातीला मी फार नाक मुरडलं, हे कोण वाचणार, शेतीवरचं, नाटक, कुणाचं तरी प्रवासवर्णन. शुक्रवारी मुलं झोपली की दुसरं काही नसायचं म्हणून उचलायचे. तीन वर्षांत मी जे वाचलं ते पुण्यात असताना पैसे देऊन कधी वाचलं नसतं. ठरवलं काहीच नव्हतं, अडकले होते म्हणून झालं.
पेटी बदलायच्या दिवशी डबे घेऊन जमतो. पुस्तकापेक्षा डब्यांची चर्चा जास्त होते, खोटं कशाला बोलू.

पोळीभाजी
ऐकलेलं धरायचं का? मी पोळ्या लाटताना ऐकते सगळं. वर्षाला वीसेक होतात.

बांधावरचा
ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे.

पोळीभाजी
दादा तुम्ही लाटा पोळ्या, मी बसून वाचते.

पावणेबारा
बांधावरचे, पळा.

लिंबोणी
आजीची आई तर फक्त ऐकायचीच, पोथी. तिला कोणी म्हणालं नाही तुझं धरणार नाही म्हणून.

बांधावरचा
बरं बरं, धरा.

चिंचेचं बोटुक
ज्यांना इतर भारतीय भाषांतलं हवंय त्यांनी नॅशनल बुक ट्रस्टच्या आदान-प्रदान मालेतली मराठी पुस्तकं बघा. साहित्य अकादमीची पण. दोन्हीकडे किमती परवडतात. छपाई बेताची, मुखपृष्ठ बघून कोणी उचलणार नाही अशी. मी कॉलेजला असताना प्रदर्शनात पाच पुस्तकं घेतली होती, ओडिया, असमिया, मल्याळम अशी. त्यातली तीन कळली, एक अनुवादामुळे अजिबात वाचवेना, एक भावाने प्रवासात हरवलं. तीनही पुरली मला बरीच वर्षं.
सल्ला झाला का हा? सॉरी कडीपत्ता.

कडीपत्ता
चालतंय, लिहून घेतला :)
साने गुरुजींची आठवण झाली. ते १९३० मध्ये त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते, तिथे दक्षिणेच्या भाषा ऐकून शिकायची ओढ लागली, तमिळमधलं कुरल मराठीत आणलं. तुरुंगात बसून. आणि मी दिवाणावर बसून "वेळ मिळत नाही".

स्वातीचा थेंब
कडीपत्ता, ते वाचनालयातले काका आहेत का अजून?

कडीपत्ता
नाहीत. आज संध्याकाळी गेले होते मुद्दाम. काका रिटायर होऊन गावी गेले, आता एक तरुण मुलगी असते. तिला म्हटलं मागच्या कपाटातलं हवंय, अनुवादित आणि आत्मकथनं. तिने ड्रॉवर उघडला, किल्ल्यांचा जुडगा काढला, एकेक लावून बघितली. एकही लागेना. म्हणाली, "ते कोणी मागतच नाही ना मॅडम, त्यामुळे किल्ली कुठली ते लक्षात नाही. शिपाई रजेवर आहेत, गुरुवारी या." काचेतून सगळी दिसत होती. वरून तिसऱ्या खणात उपरा होतं.

निळी शाई
गुरुवारपर्यंत थांबू नका, आमच्या पेटीला कुलूप नाही. पत्ता कळवा, पाठवतो. परत मात्र करायचं. वडिलांची सही आहे त्यावर.

पावणेबारा
आणि गुरुवारी जाताना हेअरपिन ने.

स्वातीचा थेंब
मिक्सरचं कोणीच सांगितलं नाही अजून