केनर बुडाली की विकली गेली? शेवटचे वर्ष कोणते लिहावे?

दांडियाबाजारकर, वडोदरा

माझ्याकडच्या ॲक्शन फिगर्सची, म्हणजे हातपाय हलणाऱ्या छोट्या खेळण्यांतल्या पुतळ्यांची, नोंदवही नव्याने लिहायला घेतली असून एका पानावर अडलो आहे. प्रत्येक उत्पादकाच्या पानावर कंपनी कधी निघाली आणि कधी बंद पडली, ही दोन वर्षे मी आधी लिहितो. केनर या खेळणी कंपनीचा आरंभ लिहिताना फारशी अडचण आली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात स्टायनर आडनावाच्या तीन भावांनी ती काढली आणि पहिली कचेरी ज्या रस्त्यावर होती त्याचेच नाव कंपनीला दिले. शेवटाबद्दल मात्र जितके संग्राहक तितकी मते दिसतात. कोणी १९८५ म्हणतो, कोणी १९९१, तर कोणी २०००.

माझ्याकडचे जुने नग, म्हणजे स्टार वॉर्स चित्रपटांतले स्टॉर्मट्रूपर, सी-थ्रीपीओ, च्युबाका आणि आणखी काही, अमेरिकेत स्थायिक झालेल्या आमच्या काकांनी सुट्टीत बडोद्याला येताना आणलेले आहेत. त्यांच्या शेजारी मी नंतर घेतलेल्या, १९९५ सालच्या नारिंगी कार्डावरच्या (म्हणजे ज्या छापील पुठ्ठ्यावर त्या विकल्या जातात त्यावरच्या) फिगर्स ठेवल्या आहेत. कार्डावर नाव केनरचेच, पण खांदे आणि छाती अशी फुगवली आहे की ल्यूक स्कायवॉकर थेट जुम्मादादा व्यायाम मंदिरातून जोर-बैठका काढून आल्यासारखा दिसतो. अलीकडे तर जुन्या धाटणीच्या नव्या फिगर्सच्या कार्डांवरही केनरचे नाव पुन्हा छापलेले दिसते. एवढी थोर कंपनी नेमकी कधी संपली आणि कशामुळे, हे कोणी नीट सांगू शकेल काय?

जुनी_खेळणी_रावपुरा

आपल्या स्टॉर्मट्रूपरच्या पायाची मागची बाजू भिंगाखाली पाहा. तेथे बारीक उठावाच्या अक्षरांत जी.एम.एफ.जी.आय., १९७७ हे वर्ष आणि बहुधा हाँगकाँग असे आढळेल. ती आद्याक्षरे जनरल मिल्स फन ग्रुप या नावाची आहेत. ज्याला आपण केनरचा सुवर्णकाळ म्हणतो, त्या काळातल्या पहिल्या बारा फिगर्सच्या अंगावर केनरचे नाव नाही, नाश्त्याची सीरिअल आणि पीठ विकणाऱ्या मालकाचे आहे. केनर छापले होते ते कार्डावर, आणि मुलांनी ते पहिल्याच दिवशी फाडून फेकले.

स्टायनर बंधूंनी कंपनी जनरल मिल्सला विकली ती १९६७ मध्ये. तोवर केनरने १९६३ ची इझी-बेक ओव्हन ही विजेच्या दिव्याच्या उष्णतेवर छोटे केक भाजणारी खेळण्यातली भट्टी बाजारात आणली होती आणि १९६६ पासून अमेरिकेत स्पायरोग्राफ हे दातेरी चकत्यांनी नक्षी काढण्याचे खेळणेही तीच विकत होती. म्हणजे स्टार वॉर्सच्या दहा वर्षे आधीच केनर स्वतःच्या मालकीची राहिलेली नव्हती. तरीही पुढची दहा-पंधरा वर्षे तिने जे काम केले ते अव्वल दर्जाचे होते, कारण मालक बदलला तरी सिनसिनाटीची कचेरी, तिथले रेखाटनकार आणि साच्यांसाठी नमुने कोरणारे कलाकार जागेवरच होते.

मेगो या कंपनीने स्टार वॉर्सचा परवाना नाकारल्यावर तो केनरकडे आला, ही गोष्ट आपणा सर्वांना पाठ आहे. (केवळ त्या नकारामुळे मेगो बुडाली असे सांगण्याची प्रथा आहे. मला ते पटत नाही. आठ इंची, कापडी कपड्यांच्या फिगर्सचे दिवसच सरत आले होते. पण तो वेगळा विषय.) केनरचे अध्यक्ष बर्नार्ड लूमिस यांच्या काळात पावणेचार इंचांचा आकार ठरला, आणि खरी मेख त्या आकारात आहे. फिगर बारा इंची केली तर तिला बसायला विमान तीन-चार फुटांचे करावे लागते, आणि ते कोणाच्या खिशाला परवडणार? लहान फिगर केली की यान, तळ, वाहने सगळे त्याच मापात विकता येते आणि एकेका फिगरची किंमत इतकी कमी राहते की मूल एकावर थांबत नाही.

१९७७ च्या नाताळाला माल तयार नव्हता, तेव्हा या मंडळींनी पुठ्ठ्याचे एक पाकीट विकले. आत चित्र असलेला उभा करायचा पुठ्ठा आणि एक प्रमाणपत्र, ते टपालाने पाठवा आणि पुढच्या वर्षी ल्यूक, लिया, च्युबाका व आर-टू-डी-टू अशा चार फिगर्स घरी येतील. रिकामे खोके विकले म्हणून टीका झाली, तरी १९७८ या एका वर्षात चार कोटींहून अधिक नग विकले गेले.

उतरण सुरू झाली ती १९८३ नंतर. चित्रपटत्रयी संपली होती आणि दुकानदारांकडे माल पडून होता. १९८५ मध्ये नाणे जोडलेली शेवटची मालिका निघाली, आणि त्याच वर्षी जनरल मिल्सने पुन्हा खाद्यपदार्थांवर लक्ष द्यायचे ठरवून खेळण्यांचा सारा विभाग केनर पार्कर या नावाने वेगळा काढला. स्वतंत्र झाल्याबरोबर ती गिळायला इतर टपलेच होते. १९८७ मध्ये न्यू वर्ल्ड एंटरटेनमेंट या चित्रपट कंपनीने तिच्या इच्छेविरुद्ध ती ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला. त्यातून सुटण्यासाठी ती टोंका या खेळण्यातले ट्रक बनवणाऱ्या कंपनीकडे गेली, टोंका त्या खरेदीच्या कर्जाखाली वाकली, आणि १९९१ मध्ये हॅसब्रो या खेळणी कंपनीने टोंकाच विकत घेतली. सिनसिनाटीची कचेरी २००० साली बंद झाली.

तेव्हा केनर बुडाली नाही. ती चार वेळा हस्तांतरित झाली, आणि शेवटच्या मालकाला नाव हवे होते, माणसे नको होती. नोंदवहीत मी २००० लिहीन.

फतेगंज_शेल्फ

वरील इतिहासाशी मी सहमत आहे, पण १९८५ नंतर सारी उतरणच होती, असा जो सूर त्यात लागला आहे तो मला मान्य नाही. जुन्या पिढीच्या संग्राहकांचे विश्व पहिल्या बारा फिगर्सपाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते.

१९८४ ते १९८६ च्या सुपर पॉवर्स मालिकेतली एखादी फिगर हातात घेऊन पाहावी. पाय दोन्ही बाजूंनी दाबले की सुपरमॅनचा हात ठोसा मारतो. धडाच्या आत ही योजना लपवूनही अंगाचे प्रमाण जराही बिघडलेले नाही. १९८६ ची रिअल घोस्टबस्टर्स मालिका, १९८८ पासूनची स्टार्टिंग लाइनअप ही खेळाडूंच्या पुतळ्यांची मालिका (तिची कल्पना पॅट मॅकिनॅली या सिनसिनाटीच्याच माजी अमेरिकन फुटबॉलपटूची होती), १९९२ चे एलियन्स आणि १९९३ चे ज्युरासिक पार्कचे डायनासोर, ही सर्व कामे मालकीच्या त्या धावपळीत किंवा तिच्यानंतरची आहेत. ज्युरासिक पार्कच्या मोठ्या टायरॅनोसॉरसची मऊ रबरी कातडी एकदा बोटांखाली आली की १९९१ मध्ये केनर संपली, असे म्हणणे जड जाते. नव्वदच्या दशकात बॅटमॅनला दर हंगामात नवा भडक रंग चढवून विकण्याचा जो प्रकार झाला तो मात्र मलाही बघवत नाही.

आणि बडोद्यापुरते बोलायचे तर येथे केनरच्या नावाने हळहळणारे आपण मूठभरच, ज्यांचे काका किंवा मामा परदेशात होते ते. मंगळबाजाराच्या दुकानांत आमच्या हाती आली ती फनस्कूलची जी.आय. जो ही फौजी फिगर. एमआरएफ आणि हॅसब्रो यांनी मिळून १९८७ मध्ये फनस्कूल सुरू केली, आणि येथे तयार झालेल्या काही फिगर्सचे रंग मूळ अमेरिकन नगांपेक्षा इतके निराळे होते की आज परदेशातले संग्राहक त्यांच्याच मागे असतात. मूळची १९६४ ची जी.आय. जो बारा इंचांची होती. हॅसब्रोने १९८२ मध्ये ती पावणेचार इंचांवर आणली ती केनरचे यश पाहूनच. त्यामुळे ज्याने आयुष्यात केनरचे कार्ड पाहिले नाही, अशा बडोद्याच्या मुलाच्या मुठीत जो फौजी होता त्याचे मापसुद्धा सिनसिनाटीत ठरलेले होते.

दांडियाबाजारकर

दोघांचेही आभार. फतेगंजकरांचा मुद्दा मान्य केला, तर १९९५ च्या त्या पहिलवान ल्यूकला केनरच्या पानावर जागा द्यावी लागेल, आणि माझे मन त्याला तयार होत नाही. जुन्या मालाचे प्लॅस्टिकही वरचढ होते असे नेहमी ऐकतो. तो निकष लावता येईल काय?

पॉलिमरवाला_निवृत्त

प्लॅस्टिकचा निकष कृपया लावू नये. माझे सारे आयुष्य याच धंद्यात गेले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या स्टॉर्मट्रूपरचे धड पिवळे पडले असेल आणि हातपाय बऱ्यापैकी पांढरे असतील. याचे कारण असे की धड आणि हातपाय एकाच प्लॅस्टिकचे नसतात. धड कडक, एबीएस जातीचे असते आणि ते उजेडाने व उष्णतेने पिवळे होते. डोके आणि हातपाय मऊ ठेवण्यासाठी पीव्हीसीत प्लॅस्टिसायझर, म्हणजे मऊपणा आणणारा पदार्थ, मिसळलेला असतो. तो वर्षानुवर्षे हळूहळू पृष्ठभागावर येतो आणि पाय चिकट लागू लागतात. ही दोन्ही दुखणी १९७७ च्या मालात जितकी आहेत तितकीच त्यानंतरच्याही मालात आहेत. जुन्या नगांचे श्रेष्ठत्व घडणीत आहे. चेहऱ्यावरचे कोरीव काम पाहा, मोजके सांधे पाहा, कपड्याच्या घड्या साच्यातच कशा बसवल्या आहेत ते पाहा. ते कारागिराचे काम होते, आणि १९९५ ला कोणीतरी त्या कारागिराला सांगितले असणार की दंड जरा जाड कर, हल्ली तसेच खपते.

आपल्या शहराला हा अनुभव नवा नाही. येथील आयपीसीएल ही सरकारी पेट्रोकेमिकल कंपनी २००२ मध्ये खासगी हाती गेली आणि २००७ मध्ये रिलायन्समध्ये विलीन झाली. तेथे नाव गेले, पण कारखाना जागेवर राहिला. केनरचे याच्या अगदी उलट झाले. जागा गेली, माणसे पांगली, आणि नाव मात्र कपाटातून काढून हवे तेव्हा कार्डावर छापण्यासाठी शिल्लक राहिले. म्हणून माझ्या मते पानावर एकच वर्ष लिहिण्याचा आग्रह सोडावा. १९६७, १९८५, १९८७, १९९१ आणि २००० ही पाचही वर्षे लिहावीत, आणि प्रत्येक फिगरपुढे तिच्या वेळी मालक कोण होता ते नोंदवावे. पहिलवान ल्यूकपुढे हॅसब्रो लिहिले की आपल्या मनाचीही सोय होते आणि इतिहासही खोटा ठरत नाही. २००० नंतर केनरचे नाव छापून आलेल्या फिगर्सना मात्र त्या पानावर घेऊ नये. त्यांच्यामागे सिनसिनाटीतले कोणी नाही.

आता काळजीबद्दल. पिवळेपणा घालवण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवण्याची जी युक्ती फिरते आहे ती टाळावी, कारण रंग पुन्हा पिवळा होऊ शकतो आणि प्लॅस्टिक ठिसूळ होण्याचा धोका राहतो. चिकट पाय कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत सुकवावेत. काही महिन्यांनी चिकटपणा परत आला तर पुन्हा धुवावेत. सी-थ्रीपीओचा सोनेरी थर अत्यंत पातळ असतो, त्याला फडक्याने घासू नये, मऊ ब्रशने धूळ झटकणे पुरे. माळ्यावर काहीही ठेवू नये, कारण मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून बरेच अधिक तापते. आणि बाजारात मिळणाऱ्या मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या वापरू नयेत. पॉलिप्रॉपिलीनच्या कुरकुरीत पिशव्या घ्याव्यात, तोंड थोडे उघडे ठेवावे, आणि शस्त्रे हरवली असतील तर नकली शस्त्र जोडण्यापूर्वी ते नकली असल्याची नोंद त्याच ओळीत करावी.