मदत हवी आहे: झांबियात वसूल झालेला कर कुठे नोंदवतात?

झांबियाच्या मोपानी तांबे खाणीवर अकरावीच्या अर्थशास्त्राच्या मुलांसाठी टिपण लिहितेय. खाणीने स्वित्झर्लंडमधल्या आपल्याच समूहातल्या ग्लेनकोर कंपनीला तांबं बाजारभावापेक्षा स्वस्त विकलं. नफा तिकडे गेला, झांबियाचा कर बुडाला. 2020 मध्ये झांबियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कर विभागाच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र वाचलं, अर्थसंकल्पाची भाषणंही चाळली. कर किती आकारला ते समजतं, हातात किती पडला ते नाही. आणि खरा प्रश्न तोच आहे, कारण शाळा-दवाखाने निकालावर चालत नाहीत, वसुलीवर चालतात. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवरच्या 15 टक्के जागतिक किमान कराची माहिती आहे, ती नको. पैसे भरून मिळणारे डेटाबेस परवडत नाहीत. इंग्रजी कागदपत्रं चालतील. अशी वसुली कुठल्या सरकारी अहवालात, कोणत्या शीर्षाखाली शोधायची?