पार्किंगची सक्ती: गाडी नसलेल्याने का भरायचं?

उंबरठा: आमची इमारत कोथरूडची, १९८८ची. सोळा बिऱ्हाडं. खाली आठ-दहा स्कूटर मावतील एवढीच जागा, आणि तेव्हा ती पुरायची. परवा रिडेव्हलपमेंटची मीटिंग दोन तास चालली, त्यातला दीड तास पार्किंगवर. स्वयंपाकघराला उजेड कुठून येणार, हे कुणी विचारलंच नाही.

नवी इमारत बांधायची तर पार्किंग ठेवावंच लागतं, ही ती सक्ती. राज्याच्या २०२०च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत एका मोटारीला अडीच बाय पाच मीटर जागा धरतात. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, शिवाय वळायला लागते ती वेगळी. आईचं स्वयंपाकघर याच्या निम्मंही नाही. इमारतीत चार घरांत गाडीच नाही, तरी बेसमेंट खणायचा खर्च सगळ्यांच्या डोक्यावर. माझं मत, ही सक्ती काढा. ज्याला गाडी लावायचीय त्याने पैसे मोजावेत.

बोळातला: काढा की! आणि गाड्या ठेवायच्या कुठे, तुमच्या डोक्यावर? आमच्या बोळात एकदा येऊन बघा. दोन्ही बाजूंना गाड्या, मधून रिक्षा जेमतेम जाते. समोरच्या आजींना हॉस्पिटलात न्यायचं होतं, तर अ‍ॅम्ब्युलन्स कोपऱ्यावरच थांबली. खुर्चीत बसवून चौघांनी तिथवर नेलं. सक्ती काढली की बिल्डर पहिल्यांदा पार्किंगच खाणार.

उंबरठा: अहो, तुमच्या इमारतीला स्टिल्ट आहे ना, खाली खांबांवरची मोकळी पार्किंगची जागा? त्यात काय ठेवलंय?

बोळातला: इस्त्रीवाला, सोसायटीचं ऑफिस, आणि गणपतीची मखरं. पण तो मुद्दा वेगळा.

उंबरठा: वेगळा कसा? मुद्दा तोच आहे. नकाशात गाडी आत, प्रत्यक्षात रस्त्यावर.

योकोहामाकर: इकडे जपानमध्ये गाडी घेताना आधी जागा दाखवावी लागते. १९६२चा कायदा आहे. घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा हवी, आणि दाखला पोलीस ठाण्यातून मिळतो. आम्ही फॉर्मसोबत हाताने नकाशा काढून दिला होता, रस्त्याची रुंदी मीटरमध्ये लिहून. रात्रभर रस्त्यावर गाडी ठेवायची सोयच नाही. जागेचं भाडं ऐकून नवऱ्याने मोठ्या गाडीचा नाद सोडला.

बोळातला: ताई, मे २०२५मध्ये आपल्या परिवहनमंत्र्यांनीही तेच सांगितलं होतं, पार्किंगचा पुरावा नसेल तर नोंदणी नाही. इथे तो पुरावा स्टॅम्पपेपरवर मिळेल. एकाच जागेवर पाच गाड्या.

कलमबहाद्दर: दोघंही एक विसरताय. स्टिल्टची जागा म्हणजे गॅरेज नव्हे, ती फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१०मध्येच सांगितलं. पुढे रेरा, म्हणजे बिल्डरांवर लगाम ठेवणारा कायदा आला, त्यात झाकलेल्या पार्किंगचा हिशेब बदलला, पण उघडी जागा विकता येत नाहीच. २०२४पासून महारेराने, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि नेमकी जागा करारात लिहायला लावलीय. कारण लोकांना ताबा मिळाल्यावर कळायचं, मध्ये खांब आहे, दार उघडत नाही. उंबरठा, सही करायच्या आधी टेप घेऊन जा.

पायी_पायी: तुमचं आतलं भांडण चालू द्या. बाहेर आम्ही चालतो. प्रत्येक बंगल्याने गेटचा उतार फुटपाथवर ओढलाय. आमच्या गल्लीत दोनशे पावलांत अकरा चढउतार मोजले, सासूबाई वॉकर घेऊन चालतात म्हणून मोजले. गेटपाशी फुटपाथ सपाट राहायला हवा, वर-खाली व्हायचं ते गाडीने. रॅम्प स्वतःच्या आवारात घ्या. वर पाटी लावतात, ‘गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’. गेट अडवू नये हे बरोबर. पण शेजारची वीस फूटही कुंड्या ठेवून यांचीच!

बोळातला: कुंड्यांबद्दल सहमत. पण रस्त्यावर पैसे लावल्याशिवाय हे सुधारायचं नाही. पालिकेने २०१८मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं, पाच रस्त्यांवर प्रयोग करायचं ठरलं, आणि मग ते बासनात गेलं. बाहेर फुकट असताना आत भाडं कोण भरेल?

उंबरठा: हे मात्र मान्य. तेच तर म्हणतोय, आतली सक्ती नको, बाहेरचं फुकट नको.

बोळातला: आधी बाहेरचं बंद करून दाखवा, मग आतलं बोलू.

उंबरठा: रविवारी परत मीटिंग आहे. बिल्डरने आता दुमजली यांत्रिक पार्किंग आणलंय. वरची गाडी काढायला खालची हलवावी लागते. वरची जागा आम्हाला, खालची दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांना. ते रात्रपाळी करून सकाळी आठला झोपतात, मी सव्वाआठला निघतो. चावी कुणाकडे राहणार?