मदत हवी आहे: बुद्धिबळाच्या ब्लिट्झमध्ये (अतिजलद डावात) हत्ती-प्याद्याचा शेवट दोन सेकंदांत कसा वाचवावा?

नमस्कार,

स्पर्धा खेळणाऱ्या दोन तुल्यबळ खेळाडूंच्या एका ब्लिट्झ डावाबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. काळ्या मोहऱ्यांनी खेळलेल्या खेळाडूचा सराव मी घेतो. वेळ ३ मिनिटे आणि प्रत्येक चालीमागे वाढीव २ सेकंद अशी होती.

शेवटी पांढऱ्याचा राजा ई६, प्यादे ई५ आणि हत्ती ए७ वर होता. काळ्याचा राजा ई८, हत्ती ई१ वर, आणि चाल काळ्याची. ए८ वर मात बसणार असल्याने राजा हलवणे भागच होते. घड्याळात जेमतेम चार सेकंद असताना तो डी८ वर गेला आणि डाव हातचा गेला. ए८ वरून शह, राजा सी७ वर, मग पांढऱ्याचा हत्ती ई८ वर. आता काळ्या हत्तीला बाजूने शह द्यायला एफ, जी, एच एवढ्याच फाइल (उभ्या रांगा) उरतात आणि इतक्या जवळचे शह पांढरा राजा पुढे सरकून मोडून काढतो. तोच राजा एफ८ वरून जी७ वर गेला असता, तर हत्ती ए१ वर जाऊन लांबून शह देत राहिला असता आणि बरोबरी सुटली असती.

राजाने प्याद्याच्या आखूड बाजूला (जिकडे पटाच्या कडेपर्यंत कमी फाइल उरतात तिकडे) जावे आणि लांब बाजू हत्तीसाठी मोकळी ठेवावी, हा नियम त्याला पाठ आहे. डाव संपताच त्याने तो स्वतःहून सांगितला. म्हणजे उणीव ज्ञानाची नाही, असे माझे ठाम मत आहे. सध्या आम्ही हीच स्थिती १० सेकंद अधिक २ सेकंदांवर आलटून पालटून खेळतो, परंतु त्यातून त्याच्या हाताला फक्त एफ८ हे घर लागले आहे. प्यादे डी५ वर ठेवले, म्हणजे आखूड बाजू सी८ ची झाली, की घाईत तो पुन्हा उलटीकडे वळतो.

की या स्थितीपर्यंत येऊच न देणे हेच खरे शिकवायला हवे? फिलिडोरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बचावात हत्ती सहाव्या रांगेवर धरून ठेवतात आणि प्यादे त्या रांगेत आले की खाली उतरून मागून शह देतात. त्यात आकडेमोड फार कमी लागते. ब्लिट्झ नियमित खेळणाऱ्यांनी यांपैकी आधी काय पक्के केले, आणि घरे पाठ न होता नियमच हातात उतरावा यासाठी सराव कसा बदलला, हे कृपया सविस्तर सांगावे.