सुगंधी चहाला गुण द्यायचे ते पानाला की वासाला?

डिचोलीकर

पणजीतल्या एका दुकानाने मध्यंतरी सुगंधी चहांची चव घ्यायचा कार्यक्रम ठेवला होता. गुलाब, आंबा, चॉकलेट-संत्रे, कोकम, निळा गोकर्ण, अर्ल ग्रे, धुराचा लापसांग, असे पुष्कळ प्रकार मांडले होते. हौशी मंडळी भरपूर जमली होती हे बघून बरे वाटले. खटकली ती गुण देण्याची रीत. बरणीचे झाकण उघडायचे, आत नाक खुपसायचे, ‘अहाहा’ म्हणायचे आणि कागदावर तारे ठोकायचे. कप ओठाला लागायच्या आधीच निकाल! ऑनलाइन परीक्षणे वाचली तरी तोच प्रकार. वासाचे वर्णन दहा ओळी, चवीला ‘रिफ्रेशिंग’ एवढाच शब्द, आणि पान कुठले, केव्हाचे, अख्खे की भुकटी, याचा पत्ता नाही.

माझे मत असे की ज्या चहात चहाचे पान आहे, त्याचे परीक्षण पानापासूनच सुरू व्हायला हवे. भडक वासाखाली हलके पान खपवणे फार सोपे असते. चाळणीखाली पडलेला चुरा पिशव्यांत भरायचा, त्यावर फ्लेवर मारायचा आणि निलगिरी डोंगरातल्या सुट्या चहापानापेक्षा महाग विकायचा. गिऱ्हाईक वासाचे पैसे मोजते आणि समजते की चहा उंची आहे.

चहाच्या धंद्यातले लोक चव तपासतात तेव्हा १०० मिली पाण्याला २ ग्रॅम पत्ती, उकळते पाणी, ६ मिनिटे आणि चिनीमातीचे भांडे, असा दंडक आहे. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने ३१०३ या क्रमांकाने तो १९८० साली छापला गेला. असा कप प्यायला काही खास लागत नाही, पण एका चहाची दुसऱ्याशी तुलना न्यायाने करता येते. घरी एवढा काटेकोरपणा नको. दूध-साखर बाजूला ठेवा आणि अर्धा कप निवू द्या. गरम कपातून वाफेबरोबर वास नाकात चढत असतो, जिभेला काही कळू देत नाही. कप निवला की वास खाली बसतो आणि पान बोलायला लागते. चांगले पान असेल तर तुरटपणामागून हलका गोडवा येतो आणि घोट गिळल्यावरही तो तोंडात राहतो. हलके असेल तर नुसता कडवटपणा, जिभेवर कोरड. अर्ल ग्रेचेच घ्या. त्यात बर्गमोट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचे तेल असते, हे फळ मुख्यतः इटलीच्या कालाब्रिया भागात होते. त्या कार्यक्रमातला अर्ल ग्रे गरम असताना सगळ्यांना आवडला. निवल्यावर त्यात तेलाशिवाय काहीच उरले नव्हते. तरी कागदावर पाच तारे.

अंत्रुजकन्या

डिचोलीकर, तुमची तळमळ पोचली, पण मुद्दा पटला नाही.

आमच्या फोंड्याकडे परसात गवती चहाचे बेट नाही असे घर शोधावे लागेल. दोन-तीन पाती कापायच्या, धुवायच्या, गाठ मारून उकळत्या पाण्यात सोडायच्या. आले ठेचून टाकायचे. मग पावडर, मग दूध. पाती फार वेळ खदखदू दिली की तिचा लिंबासारखा वास उडून जातो आणि पेंढ्याचा वास राहतो, म्हणून वेळ सांभाळावी लागते. दुधाचेही तसेच. कच्चे आले थेट दुधात पडले तर दूध फाटू शकते, म्हणून ते आधी पाण्यात चांगले उकळून घ्यायचे. या सगळ्यात कसब आहे की नाही? पाहुणा पहिला घोट घेतो आणि विचारतो, “पातीचा चहा का?” पावडर कुठल्या मळ्यातली हे आजवर कोणी विचारलेले मी ऐकले नाही. दाद मिळते ती पातीला आणि करणारीच्या हाताला.

शिवाय आपण रोज पितो ती पावडर सीटीसी. १९३० च्या दशकात आसामात ते यंत्र आले, पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे दाणे करायचे. हे दाणे चटकन रंग सोडतात आणि दूध, साखर, मसाला सगळे पेलतात. असा चहा बिनदुधाचा निववून प्यायचा आणि मग पानाला गुण द्यायचे, हे सोलकढी गोड नाही म्हणून तिला नापास करण्यासारखे झाले. जो चहा जसा प्यायचा तसाच पिऊन त्याचे परीक्षण करा.

बाजारपेठ म्हापसा

मसाले आणि चहाचे दुकान चालवतो, म्हणून दोन शब्द.

गोव्यात परीक्षण करताना एक गोष्ट सगळे विसरतात, ती म्हणजे हवा. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याआधी साठवण करायच्या दिवसांत गिऱ्हाईक येते, सुके बांगडे, सुके सुंगट (कोळंबी), मिरची, सोलां (सुकी कोकमे) आणि चहा एकाच पिशवीतून नेते आणि घरी एकाच फडताळात ठेवते. जुलैत तक्रार येते की दार्जिलिंगला विचित्र वास मारतो. मारणारच! चहाचे पान शेजारचा वास आणि हवेतली ओल दोन्ही ओढून घेते. जानेवारीत फोडलेले पाकीट आणि जुलैत अर्धे उरलेले पाकीट हे दोन वेगळे चहा समजा. पाकीट केव्हा फोडले आणि कशात ठेवले हे परीक्षणात नसेल तर मी ते वाचतच नाही. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, मसाल्यापासून लांब, आणि एका वेळी थोडाच चहा आणायचा, एवढे गिऱ्हाइकाला सांगून सांगून घसा बसतो.

डिचोलीकरांच्या किमतीबद्दलच्या मुद्द्याला माझा विरोध आहे. वर फ्लेवर घातलेल्या चहाच्या पाकिटावर ‘फ्लेवर्ड टी’ आणि त्या फ्लेवरचे नाव छापणे कायद्याने बंधनकारक आहे. लपवाछपवी नाही, वाचायचे कष्ट घ्यायला हवेत. आणि कॉलेजातली पोरे गुलाबाच्या चहासाठी काउंटरवर येतात, त्यातलीच काही पुढे साधे निलगिरी पान मागायला लागतात. हे माझ्या डोळ्यांसमोर घडते. वासाने माणूस चहाकडे येत असेल तर त्या वासाला कमी का लेखायचे?

काणकोणकर

मी डिचोलीकरांच्या बाजूने. निळ्या गोकर्णाचा चहा घ्या. काचेच्या कपात निळाशार रंग, लिंबाचे दोन थेंब पिळले की डोळ्यांदेखत जांभळा, आणखी पिळले तर गुलाबीकडे झुकतो. फुलातले अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्ल लागले की रंग बदलते. बघायला सुंदर, माझ्या मुलीला फार आवडते. पण चव? किंचित हिरवट, बाकी पाणी. जी काही चव येते ती लिंबाची आणि मधाची. तरी त्याला साडेचार तारे, कारण फोटो चांगला येतो. रंगाला गुण द्या, जरूर द्या, पण चवीच्या रकान्यात नको.

वेलदोडा

दोन्ही बाजू ऐकल्या. माझ्या मते वास चहात शिरला कसा, हे आधी विचारायला हवे.

लापसांग सूचाँग हा चीनच्या फूजियान प्रांतातल्या वूयी डोंगरांतला चहा. पारंपरिक पद्धतीत पान वाळवतानाच त्याला पाइनच्या लाकडाचा धूर देतात. हा धूर तयार पानावर नंतर शिंपडलेला नसतो. त्यामुळे कप निवला तरी धूर आणि पान वेगळे काढता येत नाहीत. पणजीच्या त्या कार्यक्रमाला मीही होतो. लापसांगला सर्वात कमी गुण पडले, कारण झाकण उघडल्यावर नाके मुरडली गेली. चुलीच्या धुरात वाढलेल्या आपल्या लोकांनी तरी एक घोट घ्यायला हवा होता, याचे वाईट वाटले.

दुसरे उदाहरण मोगऱ्याचे. चीनमधला जॅस्मिन चहा ज्या फुलांचा करतात, तो आपला मोगराच. कळ्या दिवसा खुडतात, कारण त्या रात्री उमलतात आणि वास तेव्हा सुटतो. उमलत्या कळ्या पानात मिसळून रात्रभर ठेवायच्या, सकाळी फुले चाळून काढायची, फुलांच्या ओलीने दमट झालेले पान पुन्हा सुकवायचे आणि ताज्या कळ्यांनी परत तेच. उंची चहाला हे अनेक रात्री चालते. मी घरी निलगिरीच्या पानावर करून पाहिले. एका रात्रीत वास येतो, पण पहिल्या घोटाशी संपतो. पुन्हा पुन्हा कळ्या दिल्या की तो पानात मुरतो, दुसऱ्यांदा पाणी ओतले तरी कपात उतरतो. त्रास आहे तो सुकवण्याचा. आपल्याकडे उन्हाळ्यातही हवा इतकी दमट की जरा हयगय झाली की बुरशी. म्हापशाच्या भाऊंनी सांगितलेला पानाचा जो दोष सुक्या बांगड्याशेजारी आपल्याला नडतो, त्याच्याच जोरावर हा चहा उभा आहे.

म्हणून मी तरी दुसऱ्या पाण्यानंतरच गुण देतो.

अंत्रुजकन्या

वेलदोडा, मोगऱ्याचे वाचून करून बघावेसे वाटले. पण दुसरे पाणी सीटीसीला लावू नका, ती बिचारी पहिल्याच उकळीत सगळे देऊन मोकळी होते.

आणि ‘नंतर शिंपडलेले’ हे इतके हलके का? चतुर्थीला गणपतीवर फळांची माटोळी बांधतात, तिला बांधलेले तोरंजन हे फळ उतरवल्यावर आम्ही खातो. त्याच्या सालीचा पांढरा भाग खरवडून वरची पिवळी-हिरवी साल मी बारीक कापते, पंख्याखाली सुकवते, कारण त्या दिवसांत उन्हाचा भरवसा नसतो, आणि चहाच्या डब्यात टाकते. चार दिवसांनी डबा उघडा आणि बघा. बर्गमोट तेही लिंबाच्याच कुळातले आणि तोरंजनही. कालाब्रियाच्या सालीचे तेल आले की अर्ल ग्रे म्हणून मान, आणि आमच्या परसातली साल आली की ‘घरगुती प्रयोग’! चहाची चव जाणणारे म्हणवणाऱ्यांनी आधी इथल्या सालीपाल्याकडे बघावे, असे मला मनापासून वाटते.

डिचोलीकर

ताई, तुमच्या तोरंजनाला माझा विरोध मुळीच नाही, उलट तो चहा मला प्यायला आवडेल. तुम्ही खरी साल घालता. माझे भांडण आंब्याच्या चहाशी आहे.

गोव्यात, मे महिन्यात मानकुराद खाऊन वाढलेल्या माणसासमोर तुम्ही ‘मँगो टी’ ठेवता, तेव्हा त्यात आंबा असायला हवा. मानकुरादची साल देठाशी सोलताना जो चिकाचा उग्र वास येतो, मग गर, त्यातला गोडीआडचा आंबटपणा, यातले काहीही त्या कपात नव्हते. होता तो आंब्याच्या गोळीचा वास. दुकानदाराने पाकीट दाखवले, घटकांत काळा चहा आणि फ्लेवर, आंबा औषधालाही नाही. याला चार तारे देणारे बहुतेक गोव्यातलेच होते, हे मला जास्त लागले. परक्याने चुकीच्या आंब्याला आंबा म्हटले तर समजू शकतो.

बाजारपेठ म्हापसा

भाऊ, ते पाकीट मानकुराद खाणाऱ्यासाठी नाहीच. माझ्याकडून ते परदेशात राहणारी मुले नेतात, डिसेंबरात येतात तेव्हा. तिकडे त्यांना मानकुराद मिळत नाही. गोळीचा तर गोळीचा, पण घरच्या मे महिन्याची आठवण त्या वासाला चिकटलेली असते. माझ्यासमोर एकीने पाकीट हुंगून डोळे पुसले आहेत. तिला जाऊन सांगा की हे पान हलके आहे.

फोंडा फार्मसी

मध्येच एक विनंती. ‘चरबी वितळवणारा’, ‘रक्त शुद्ध करणारा’ अशा दाव्यांना परीक्षणात एकही गुण देऊ नका. त्यापेक्षा हे लिहा की ग्रीन टी उकळत्या पाण्यात केला की कडवट होतो, ७० ते ८० अंशांचे पाणी पुरते. आणि ज्यांचे हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी जेवणाबरोबर चहा टाळावा, कारण पालेभाजी-कडधान्यातले लोह शरीराने शोषून घेण्यात चहाचा अडथळा होतो. मग त्याला गुलाबाचा वास असो की नसो.

डिचोलीकर

म्हापशाच्या भाऊंना उत्तर. पाकीट हुंगणाऱ्या त्या मुलीचे रडू खरे आहे, त्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. पण परीक्षण लिहिणाऱ्याने तिच्या आठवणीला गुण द्यायचे नसतात, ते पाकीट न पाहिलेल्या माणसासाठी लिहायचे असते. म्हणून मी माझ्यापुरते ठरवले आहे. मोगऱ्याला आणि लापसांगला मी पान आणि वास मिळून एकच गुण देईन, कारण तिथे ते वेगळे करता येत नाहीत. फ्लेवर मारलेल्या चहाला दोन वेगळे गुण, आणि पानाचे आधी लिहीन. पातीच्या चहाला ताई म्हणतात तसेच, दूध-साखरेसकट. कोकम, गोकर्ण, जास्वंद यांत पानच नाही, तेव्हा पानाचा रकाना रिकामा.

अंत्रुजकन्या

रिकामा रकाना वाचणारा शून्य म्हणून वाचतो, डिचोलीकर. कोकमाला तुमच्या तक्त्यात कोंबूच नका, त्याला वेगळा कागद घ्या. सोलां यंदाची की गेल्या वर्षीची, मीठ किती लावले होते, आंबटपणा घशाला लागतो की जिभेवर थांबतो, रंग पहिल्या पाण्यात किती उतरला, गूळ घातला की साखर. धणे-जिऱ्याच्या कसायलाही (काढ्यालाही) असाच कागद लागेल, त्यात मिरी पुढे येते की मागे राहते हे लिहायचे. लापसांगसाठी तुम्ही जेवढे बारकावे शोधता तेवढे यांच्यासाठी शोधलेत, तर मी माझा तोरंजनाचा डबा तुमच्याकडे पाठवते. निववूनच प्या, माझी हरकत नाही.