मदत हवी आहे: टेबल टेनिसमध्ये एज बॉलचा (टेबलाच्या कडेला लागलेल्या बॉलचा) वाद झाला तर मोबाईलवरचा व्हिडिओ चालतो का?

नमस्कार मंडळी,

आमच्या क्लबची वयोगट स्पर्धा दिवाळीच्या सुट्टीत आहे आणि नियमावली लिहायचं काम माझ्याकडे आलंय. अंपायरिंग केलेल्या जाणकारांची मदत हवी आहे.

पार्श्वभूमी सांगते. मागच्या महिन्यात बाहेरच्या एका स्पर्धेत आमची पंधरा वर्षांखालची मुलगी १-२ गेमने मागे होती, चौथ्या गेममध्ये ९-१०. तिचा बॅकहँड तिरका गेला आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे अंपायरपासून लांबच्या कडेला लागून बॉल वर उडाला. अंपायर एकटेच, समोर असिस्टंट नाही. त्यांनी आउट दिला आणि मॅच संपली. कोच मोबाईलवरची क्लिप घेऊन रेफरींकडे, म्हणजे अंपायरच्या वरच्या, अख्ख्या स्पर्धेच्या प्रमुखांकडे गेले, तर त्यांनी ती बघायलाच नकार दिला. पोरीने त्यानंतर दोन आठवडे बॅट हातात घेतली नाही. मला हे फार लागलंय.

आता पालक म्हणतात, आपल्या स्पर्धेत तरी व्हिडिओ बघा. समितीतले काहीजण म्हणतात, मग दर पॉईंटला दहा मोबाईल पुढे येतील. मला विचारायचंय ते असं: रेफरींचा नकार नियमाला धरून होता का? आपल्या क्लबच्या स्पर्धेत स्वतःचा रिव्ह्यू ठेवता येईल का? आणि सर्व्हिसच्या तक्रारींचं काय करायचं? भांडणं सगळ्यात जास्त त्यावरूनच होतात.

चॉप_डिफेन्स:

ताई, वाईट वाटतं, पण रेफरी नियमानेच वागले. बॉल कडेला लागला की नाही ही वस्तुस्थितीची बाब. तिथे अंपायरचा शब्द शेवटचा, रेफरीकडे अपीलच नाही. दोन्ही खेळाडूंनी आपसात ठरवूनही तो निर्णय बदलत नाही. अपील चालतं ते नियमाचा अर्थ लावण्यावरून. समजा अंपायर म्हणाले असते, 'वरच्या कडेला लागला, पण कडेचा बॉल आउटच असतो', तर तो नियमच चुकला. अशा वेळी रेफरींना बोलावता येतं, आणि वैयक्तिक सामन्यात ते खेळाडूनेच बोलवायचं, कोचने नाही.

खरी गोम असिस्टंट नसण्यात आहे. असिस्टंट अंपायर समोर बसवतात, कारण त्याच्या बाजूच्या कडेचा निर्णय त्याचा असतो. एकट्या माणसाला पलीकडची कड जवळपास दिसतच नाही, मधे अख्खं टेबल असतं. छोट्या स्पर्धांत नुकत्याच हरलेल्या पोरालाच खुर्चीत बसवतात, मग काय होणार?

आणखी एक. टेबलाची वरची कड खेळाच्या पृष्ठभागात धरतात, खालची उभी बाजू नाही. नुसता लागल्याचा आवाज आला म्हणून पॉईंट होत नाही. बॉल टेबलाच्या वरून येऊन कडेला लागला तर चांगला. टेबलाच्या पातळीखालून वर येताना लागला तर तो बाजूलाच लागलेला. बाहेरून आणि वरून आलेला बॉल सगळ्यात अवघड. तिथे लागल्यानंतरची दिशा बघायची: वर उसळला तर बहुधा एज, खालीच गेला तर बहुधा बाजू. तुमच्या मुलीचा वर उडाला म्हणता, म्हणजे पॉईंट तिचा असण्याची शक्यता जास्त.

शटर_स्पीड:

मी क्लबच्या मॅचेस शूट करतो. मोबाईलचा साधा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेम घेतो. बॉल सेकंदाला १० मीटरने जात असेल तर दोन फ्रेममध्ये तो ३३ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. कडेला लागल्याचा क्षण त्या फटीतच हरवतो, आणि मग दोन्हीकडचे पालक त्याच क्लिपमध्ये आपापलं बघतात. स्लो मोशनमध्ये २४० फ्रेम मिळाल्या तर हे अंतर साधारण ४ सेंटिमीटरवर येतं, म्हणजे बॉलच्या व्यासाएवढं. तेवढ्यावर दिशा बदललेली कळते.

जागा महत्त्वाची. टेबल जमिनीपासून ७६ सेंटिमीटर उंच असतं. कॅमेरा ट्रायपॉडवर त्याच उंचीला, साईड लाईनच्या सरळ रेषेत मागे ठेवा. गॅलरीतून वरून घेतलेल्या क्लिपमध्ये वरची कड आणि बाजू वेगळी दिसतच नाही. हॉलमधले दिवे स्लो मोशनमध्ये लुकलुकतात, तेही आधी तपासा.

लूप_आणि_ब्लॉक:

२०१२चं लंडन ऑलिंपिक आठवतंय का? टेबल टेनिसच्या महिला एकेरीच्या फायनलमध्ये चीनच्या डिंग निंगच्या सर्व्हिस फॉल्ट दिल्या गेल्या, पुढे दंडाचा पॉईंटही गेला. ती कोर्टवर रडली आणि ली शियाओशियाकडून ४-१ हरली. जगातली सर्वोत्तम खेळाडू, पण दाद मागायला जागा नव्हती. व्हिडिओ रिव्ह्यूची मोठी चाचणी झाली ती २०१९च्या डिसेंबरमध्ये, चीनमधल्या चेंगचौच्या वर्ल्ड टूर ग्रँड फायनल्सला. आपल्या पोरीला जरूर सांगा, डिंग निंगने २०१६ला रिओच्या फायनलमध्ये त्याच ली शियाओशियाला ४-३ हरवून सुवर्ण घेतलं.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. डिंग निंगचं तिला सांगितलं, दोन्ही फायनल बघायच्यात म्हणाली.

चॉप_डिफेन्स, सर्व्हिसचं राहिलं. एका मुलाचा सर्व्हिसचा टॉस (बॉल हातातून वर उडवणं) खूप कमी आहे अशी तक्रार दर स्पर्धेत येते. तो रिव्ह्यूत घ्यावा का?

चॉप_डिफेन्स:

माझं मत, घेऊ नका. बॉल तळहातावरून निदान १६ सेंटिमीटर वर गेला पाहिजे. नेट १५.२५ सेंटिमीटरचं असतं, त्यामुळे अंपायरला नेटच्या उंचीचा अंदाज पुरतो. तेवढं कॅमेऱ्यात दिसेलही. पण बॉल हाताने किंवा अंगाने लपवला का, हे रिसीव्हरच्या जागेवरून बघावं लागतं. तिथे कॅमेरा कुठे लावणार?

आणि इथे नियम अंपायरच्या बाजूने आहे. सर्व्हिस नियमात आहे याची खात्री पटवून देणं हे सर्व्हिस करणाऱ्याचं काम. अंपायरला शंका आली तर मॅचमध्ये पहिल्या वेळी तो खेळ थांबवून ताकीद देतो, पॉईंट जात नाही. त्यानंतर तशीच संशयास्पद सर्व्हिस आली की सरळ फॉल्ट. उघड चुकीची असेल तर पहिल्याच वेळी फॉल्ट, ताकीद नाही. लोक ही ताकीद देतच नाहीत, म्हणून तक्रारी साठतात. तुमच्या अंपायरना एक दिवस बसवून एवढं शिकवा.

एक सावधगिरी: एजबद्दल खात्री नाही म्हणून 'लेट' देऊन पॉईंट परत खेळवतात, ते नियमात कुठेच नाही. आणि तुमची स्पर्धा संघटनेच्या मान्यतेची असेल तर रिव्ह्यूचं आधी त्यांना विचारा. क्लबपुरती असेल तर माहितीपत्रकात छापा आणि प्रवेशिकेवर पालकांची सही घ्या.

धागाकर्ती:

स्पर्धा क्लबपुरतीच आहे. कच्चा मसुदा टाकते.

उपांत्यपूर्व फेरीपासून प्रत्येक मॅचला असिस्टंट अंपायर असेल. त्याआधीच्या फेऱ्यांतही खुर्चीत मोठं माणूस, मूल नाही. रिव्ह्यू फक्त एजसाठी, फक्त उपांत्य आणि अंतिम सामन्यात. प्रत्येक खेळाडूला एक, बरोबर ठरला तर तो शिल्लक राहील. पुढची सर्व्हिस होण्याआधी खेळाडूनेच मागायचा. क्लबने लावलेल्या कॅमेऱ्यांचीच क्लिप बघितली जाईल, प्रेक्षकांच्या मोबाईलवरची नाही. क्लिपमध्ये स्पष्ट दिसलं नाही तर मूळ निर्णय कायम.

यात पळवाट कुठे राहते ते सांगा. आणि दुहेरीत जोडीला मिळून एकच रिव्ह्यू द्यावा की दोघांना वेगळा?